नागपूर रस्त्यावरची प्रयोगशाळा

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाला प्रारंभ झाला. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची रक्ततपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यायचा नाही, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तेव्हापासून विज्ञानवार्तांमध्ये किती तपासण्या झाल्या, किती वाहक सापडले, किती कार्डे वाटली याचे आकडे नियमाने येतात. मात्र हा आजार मध्य भारतात आहे हे कधी कळले, कोणी शोधले, आणि शोध लागल्यावर ज्यांच्या रक्तात तो सापडला त्यांच्या वाट्याला काय आले, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. अभियानाचे यशापयश जोखायचे तर तो ठाऊक असायला हवा.

या इतिहासाचा बराच भाग एका रस्त्याच्या दोन टोकांना घडला आहे. जबलपूरच्या ओमतीसारख्या जुन्या, गजबजलेल्या भागातून निघून गढ्याच्या दिशेने गेले की भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची एक संस्था लागते. १९८४ साली ती आदिवासींसाठीचे प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. आज तिचे नाव राष्ट्रीय जनजाती स्वास्थ्य अनुसंधान संस्था असे आहे. तिच्या पत्त्यात ‘नागपूर रोड’ असे लिहिलेले असते. हा पत्ता इतिहासालाही धरून आहे. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तो नागपूर राजधानी करूनच, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती. जबलपुरातील मराठी वस्तीची मुळेही याच संबंधात आहेत. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, जबलपूरचे १९५५ चे. पुढे नकाशावर रेघ ओढली गेली. पण सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर राहणाऱ्या गोंडांची सोयरीक, त्यांचा हिवताप आणि त्यांच्या रक्तातले जनुक यांना त्या रेघेचा पत्ता नव्हता.

आजाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. तांबड्या रक्तपेशीत प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन असते. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, तर प्राणवायू सोडल्यानंतर हे रेणू एकमेकांना चिकटून कठीण दोर तयार करतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात, पेशी लवकर फुटल्याने रक्तक्षय होतो. आईवडील दोघांकडून हे जनुक आले तर माणूस रुग्ण होतो. एकाकडूनच आले तर तो वाहक असतो आणि बहुधा आयुष्यभर त्याला त्याची जाणीवही होत नाही. शिकागोत जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एखाद्या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हटले गेले ते तेव्हा प्रथम. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले आहे, ते व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधले.

पण इतके घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलेच कसे? रुग्ण मुले मोठी होण्याआधी मरत असतील तर ते केव्हाच नाहीसे व्हायला हवे होते. १९४९ मध्येच जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलसेमियाच्या संदर्भात सुचवले होते की असे जनुक वाहकाला हिवतापापासून वाचवत असावे. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) सिकलसेलबाबतचा पुरावा १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून दिला. त्यांच्या प्रयोगाचा एक भाग आज वाचताना अंगावर काटा येतो. ३० प्रौढ स्वयंसेवकांना हिवतापाचे जंतू मुद्दाम टोचण्यात आले. १५ वाहकांपैकी २ जणांना लागण झाली, १५ अवाहकांपैकी १४ जणांना. अशी परवानगी आज कोणतीही नैतिकता समिती देणार नाही, परंतु निष्कर्ष टिकला.

या संरक्षणात प्रतिकारशक्तीचा वाटा किती, हे कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. केनियातील मुलांवर टॉमस विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहक मुलांना मिळणारे संरक्षण पहिल्या दोन वर्षांत सुमारे २० टक्के होते आणि दहाव्या वर्षापर्यंत ते ५६ टक्क्यांपर्यंत चढले. हिमोग्लोबिन तर जन्मापासून तेच. मग वाढले काय? वाहकाच्या शरीराला प्रत्येक लागणीतून हिवतापाच्या जंतूची ओळख अधिक लवकर पटत असावी, असा त्याचा अर्थ लावला गेला. जनुकाने दिलेली ढाल आणि अनुभवाने शिकलेली प्रतिकारशक्ती या दोन गोष्टी येथे एकमेकींत मिसळलेल्या आहेत. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण ‘जन्मजात’ आणि ‘अर्जित’ अशी जी सरळ विभागणी पाठ्यपुस्तकांत असते ती येथे पुरी पडत नाही.

आता भारताकडे येऊ. १९५२ साली दोन वेगवेगळ्या टोकांकडून सिकलसेलच्या वार्ता आल्या. हर्मन लेहमन आणि मारी कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींमध्ये हे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळले. त्याच वर्षी डनलॉप आणि मजुमदार यांनी वरच्या आसामातील चहामळ्यांच्या मजुरांमध्ये सिकलसेलचे रुग्ण नोंदवले. हे मजूर मूळचे आसामचे नव्हते. मध्य आणि पूर्व भारतातील दुष्काळी, डोंगराळ मुलखांतून मळ्यांसाठी माणसे भरून नेण्याची जी यंत्रणा एकोणिसाव्या शतकात उभी राहिली, तिच्यातून आलेल्या कुटुंबांची ती वस्ती होती. म्हणजे मध्य भारताच्या रक्ताची पहिली खूण मध्य भारतात नव्हे, तर त्याच्या स्थलांतरित मजुरांत सापडली.

लेहमन यांनी या शोधावर एक मोठा सिद्धान्त उभारला. हे जनुक भारतातील ‘वेड्डाइड’ म्हणजे द्रविडपूर्व मानल्या गेलेल्या मूळ वंशाचे लक्षण असावे, आणि कदाचित ते आशियातून अरबस्तानमार्गे आफ्रिकेत गेले असावे, असे त्यांनी मांडले. लेहमन स्वतः नाझी जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयाला गेलेले ज्यू. ज्या वंशविज्ञानाने त्यांना देशोधडीला लावले त्याचीच परिभाषा त्यांच्या लेखणीत यावी, यात मला ढोंग दिसत नाही. त्या काळच्या मानवशास्त्राला दुसरी भाषाच ठाऊक नव्हती. कपाळ, नाक आणि केस यांवरून माणसांचे गट पाडायचे, आणि मग रक्तातले जे सापडेल ते त्या गटाच्या नावावर चढवायचे, ही रीत होती. आपल्याकडे तिचा पाया आधीच घातला गेला होता. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ चा. त्यात प्रत्येक समाजाला स्वतंत्र प्रकरण आहे, स्वतंत्र स्वभाव आहे.

या सिद्धान्ताला तडा गेला तो नागपुरात. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयी टिपण प्रसिद्ध केले, त्याच वर्षी परांडे यांच्यासह त्यांचा सविस्तर लेख ‘ब्लड’ या नियतकालिकात आला. त्यांना हे जनुक आढळले ते डोंगरातील कुठल्या एकाकी जमातीत नव्हे, तर नागपूरच्या सपाट मुलखातील, गावगाड्यात राहणाऱ्या आणि शहरातल्या रुग्णालयात येणाऱ्या लोकांत. संशोधनात त्यांची नोंद ‘महार’ या जातिनामाने झाली. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह लाखोंच्या समुदायाने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. ज्या नावाचा लोकांनी जाहीरपणे त्याग केला ते वैद्यकीय नियतकालिकांच्या तक्त्यांत पुढे कित्येक दशके तसेच राहिले. वैज्ञानिकांचा हेतू दुष्ट होता असे म्हणण्याचे कारण नाही, कारण जनुकांचे प्रमाण मोजायचे तर अंतर्विवाही गट धरावाच लागतो. तरीही तक्त्यातल्या त्या रकान्याचा परिणाम रुग्णाच्या दारापर्यंत पोहोचला. विदर्भात सिकलसेल हा ‘अमक्या लोकांचा आजार’ ठरला, आणि कुणबी, तेली अशा इतर समाजांतही तो आहे हे पुढे दिसून येऊनही ती समजूत जायला फार वेळ लागला. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर शुक्ला-सोळंकींच्या कामाचा अर्थ नेमका उलट होता. ‘वेड्डाइड’ वंशाची खूण म्हणून मिरवलेले जनुक जर गावगाड्यातल्या लोकांत मुबलक असेल, तर त्याचा संबंध वंशापेक्षा त्या भूमीतील हिवतापाशी जोडणे अधिक सयुक्तिक होते.

येथे मुंबईची एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते, कारण समूहासमूहांतील आरोग्याच्या तफावतीकडे पाहण्याची वेगळी रीत तिच्यात दिसते. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांमधील सात आनुवंशिक लक्षणांची पाहणी १९५० च्या सुमारास प्रसिद्ध केली. ज्या नियतकालिकात ती आली त्याचे नाव तेव्हा ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’, म्हणजे सुप्रजननशास्त्राची बखर, असे होते. १९५४ मध्ये ते बदलून ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झाले. जातींच्या रक्ताचा इतका काटेकोर हिशेब मांडणाऱ्या माणसाने कर्करोगाकडे वळल्यावर काय केले? मुंबईत वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळ्या अवयवांचे कर्करोग अधिक आढळतात, हे खानोलकरांच्या लक्षात आले होते. रक्तातील भेदांवर बोट ठेवून ते मोकळे होऊ शकले असते. हाताशी तक्ते तयार होते. त्यांनी लोक काय चघळतात आणि काय ओढतात हे विचारले. संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू चघळणे, धूम्रपान आणि तोंड-घशाच्या कर्करोगाविषयीचा लेख १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. रक्तातील भेद ठाऊक असलेल्या माणसानेच सवयींकडे पाहावे, ही मला त्या प्रयोगशाळेची मोठी थोरवी वाटते.

१९८४ मध्ये जबलपूरचे केंद्र सुरू झाले तेव्हा सिकलसेलच्या नकाशावर बरीच गावे आली होती. महाराष्ट्रात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील सुदाम काटे यांनी नंदुरबार-धुळ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी भागांत तपासणीचे काम अनेक वर्षे चालवले होते. मुंबईत रक्तगटांच्या संदर्भ केंद्रातून विकसित झालेली रोगप्रतिकार-रक्तशास्त्राची संस्था हिमोग्लोबिनच्या विकारांचा अभ्यास करीत होती. जबलपूरच्या केंद्राकडे गोंड, बैगा, भारिया, सहरिया असे समाज आले, आणि त्यांच्याबरोबर हिवताप आला. मंडला, डिंडोरी, बालाघाट हे जिल्हे हिवतापासाठी कुप्रसिद्ध. नीरू सिंह यांनी याच परिसरात हिवतापावर, विशेषतः गर्भवती स्त्रियांतील हिवतापावर, दीर्घकाळ काम केले आणि त्या पुढे या संस्थेच्या संचालक झाल्या. जुन्या हिवतापाने निवडलेले जनुक आणि आजचा हिवताप, दोहोंचा अभ्यास एकाच छताखाली होणारी अशी जागा देशात विरळाच.

१९८६ साली एका शोधाने या प्रदेशातील सिकलसेलला स्वतंत्र ओळख दिली. कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या जनुकाभोवतीच्या डीएनएची ठेवण वेगवेगळ्या देशांत तपासली. ओडिशा आणि पूर्व सौदी अरबस्तानातील ठेवण एकसारखी निघाली आणि ती आफ्रिकेतील ठेवणींहून वेगळी होती. त्यावरून हे उत्परिवर्तन आशियात स्वतंत्रपणे घडले असावे, असा निष्कर्ष निघाला. लेहमन यांचा आफ्रिकेकडे जाणारा वांशिक प्रवास त्यामुळे अनावश्यक ठरला. सर्व सिकलसेलचा उगम एकच असावा, अशीही मांडणी पुढे झाली आहे आणि तो वाद मिटलेला नाही. उपचाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी होती. अरब-भारतीय ठेवणीच्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते. हे हिमोग्लोबिन दोर वळण्याच्या आड येते, म्हणून भारतातील सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, असे पुस्तकांत लिहिले जाऊ लागले.

आणि येथे एक घातक गफलत झाली. ज्या रुग्णांवरून हे अनुमान काढले गेले त्यांतले बरेच जण मोठे होऊन रुग्णालयापर्यंत पोहोचलेले होते. बालपणीच जे गेले ते कोणाच्याच नमुन्यात नव्हते. नागपुरात दीप्ती जैन, रोशन कोलाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बालकांची तपासणी करून रुग्ण ठरलेल्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला, तेव्हा चित्र पालटले. विदर्भातील कित्येक मुलांत आजार तीव्र होता: वारंवार कळा, तीव्र रक्तक्षय, जंतुसंसर्ग. ‘सौम्य’ हा शब्द निम्म्या वाटेवरच्या आकडेवारीतून आला होता.

जंतुसंसर्गाचे कारण प्लीहेत आहे. प्लीहा ही रक्त गाळणारी आणि काही विशिष्ट जंतूंना, मुख्यतः न्यूमोकोकसला, टिपणारी प्रतिकारसंस्थेची चौकी. वाकड्या पेशी तिच्यात अडकत गेल्या की ती बालपणीच निकामी होऊ लागते, आणि मग साधा वाटणारा ताप काही तासांत जीव घेऊ शकतो. १९८६ मध्येच अमेरिकेत मेरिलिन गॅस्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की सिकलसेलच्या बाळांना रोज दोनदा तोंडावाटे पेनिसिलिन दिले तर न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवण्यात आली. पेनिसिलिन तेव्हाही स्वस्त होते. पण ते द्यायचे कोणाला, हे कळण्यासाठी जन्मतःच तपासणी हवी. आणि बाळ घरी जन्मत असेल, दवाखाना दोन ओढ्यांपलीकडे असेल, तर ती तपासणी होणार कशी? १९८६ चे ज्ञान आणि आपल्या डोंगरी जिल्ह्यांतील नवजात तपासणी यांमध्ये जी दशके गेली त्यांचा हिशेब कोणत्याही जनुकाच्या नावावर मांडता येणार नाही.

नागपूरच्याच एका कामाचा येथे आवर्जून उल्लेख करायला हवा. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते. त्याचा उपयोग अमेरिकेतील चाचणीने १९९५ मध्ये सिद्ध केला, पण तिकडची पद्धत अशी की रक्तपेशींची गणना पुन्हा पुन्हा करून मात्रा हळूहळू सहन होईल तितकी वाढवायची. तालुक्याच्या गावी नियमित रक्तगणना करणे अवघड. जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तीव्र आजार असलेल्या मुलांत किलोमागे १० मिलिग्रॅम अशी कमी आणि ठरावीक मात्रा देऊन पाहिली, आणि कळांचे प्रमाण व रक्त चढवण्याची गरज घटल्याचे दाखवले. नव्या रेणूचा शोध नव्हता हा, म्हणून वृत्तपत्रांत मथळेही झाले नाहीत. परंतु अंतर आणि गरिबी यांना चाचणीच्या आराखड्यातच स्थान देणारे असे संशोधन मला अनेक झगमगत्या शोधांपेक्षा मोलाचे वाटते.

गडचिरोलीचा अनुभवही याच्या जवळ जातो. अभय आणि राणी बंग यांनी तेथे गेल्यानंतर सुरुवातीच्या काळात जो अभ्यास हाती घेतला तो सिकलसेलचाच होता. आजार आहे हे सिद्ध झाले, शासनाचे लक्ष गेले. मात्र तो प्रश्न गावांनी मागितलेला नव्हता, असे अभय बंग यांनीच पुढे सांगितले आहे. त्यानंतर ते लहान मुलांच्या न्यूमोनियाकडे वळले. गावातल्याच आरोग्यसेवकांनी न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यावे, या प्रयोगाने बालमृत्यू घटल्याचे त्यांनी १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दाखवले. त्या मुलांपैकी सिकलसेलची किती होती हे औषध देताना विचारावे लागले नाही. २०१८ मध्ये बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा आदिवासी आरोग्यावरील अहवाल आला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, हिवतापाच्या मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे निम्मा. हिवतापाविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या घडलेली ढाल ज्यांच्या रक्तात देशात सर्वाधिक आहे, तेच लोक हिवतापाने सर्वाधिक मरतात.

जबलपूरच्या संस्थेने दुसऱ्या एका रोगाबाबत हाच प्रश्न आणखी तीव्रतेने पुढे आणला. श्योपूर जिल्ह्यातील सहरियांमध्ये व्ही. जी. राव आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसांच्या क्षयाची पाहणी केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा होता लाखामागे १,५१८. मध्य प्रदेशातील आदिवासींच्या एकूण पाहणीत त्यांना तो लाखामागे ३८७ आढळला होता. तुलनेसाठी सांगायचे तर २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातील १५ वर्षांवरील लोकांत हे प्रमाण लाखामागे ३१६ होते. एकाच राज्यातील आदिवासींमध्येही सहरियांचा आकडा जवळजवळ चौपट. मग कारण त्यांच्या प्रतिकारशक्तीच्या जनुकांत असेल का?

प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारला गेला. ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठात प्रमोद कुमार तिवारी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सहरियांमधील क्षयाचा आनुवंशिक अभ्यास केला. संसर्गाच्या जागी प्रतिकारपेशींना बोलावणाऱ्या केमोकाइन रेणूंच्या आणि त्यांच्या ग्राहकांच्या जनुकांवरील त्यांचा लेख २०१२ चा आहे. लहान, अंतर्विवाही समाजात काही जनुकभेद योगायोगानेही साचतात, त्यामुळे असा शोध घेण्याला शास्त्रीय आधार आहे. पेशींवरील एचएलए रेणू जंतूंचे तुकडे प्रतिकारपेशींना दाखवतात आणि ते माणसागणिक वेगळे असतात. कोणाचे रेणू कोणता तुकडा चांगला दाखवतील, यावर रोगाची वाट काही अंशी अवलंबून असते. तथापि क्षयाच्या बाबतीत जगभर सापडलेले असे संबंध बहुधा लहान असतात आणि दुसऱ्या समाजात तपासले की कित्येकदा विरतात. चौपट फरक ते एकटे पेलू शकतील असे वाटत नाही. १९५२ च्या ‘वेड्डाइड’ रक्ताची आठवण येथे आल्याशिवाय राहत नाही. २०१० च्या त्या लेखाच्या शीर्षकातही सहरियांना ‘आदिम जमात’ म्हटले आहे, आणि रोगी जर आदिम असेल तर रोगही त्याच्या आदिमपणातच शोधावासा वाटतो.

दुसऱ्या बाजूने पुरावा आला तो झारखंडमधून. अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांच्या ‘रेशन्स’ चाचणीत क्षयरुग्णांच्या घरातील १० हजारांवर माणसे सहभागी होती. अनुराग भार्गव यांनी पूर्वी बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगमध्ये काम केलेले. म्हणजे हाही जुन्या मध्य प्रांताचाच मुलूख. चाचणीत अर्ध्या कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. उरलेल्या कुटुंबांत फक्त रुग्णाला अन्न मिळाले. २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निकाल आला: ज्या घरांत सर्वांना अन्न मिळाले तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि संसर्गजन्य फुप्फुसक्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी. जंतू तोच, जनुके तीच. कुपोषणाने खंगलेल्या शरीरात टी-पेशींचे बळ ओसरते हे प्रतिकारशास्त्राला आधीपासून ठाऊक होते. तांदूळ-डाळीने ते मोजून दाखवले.

सिकलसेल अभियानाच्या कार्डांविषयी एक गोष्ट सांगून मग पुढे जातो. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक. एकच जोडीदार वाहक असेल आणि दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनमध्ये काहीच दोष नसेल तर अपत्य रुग्ण होत नाही. इतके साधे गणित समजावून सांगितले गेले तर कार्ड उपयोगी पडते. ते न सांगता कार्ड हातात ठेवले तर ‘मुलीच्या रक्तात दोष आहे’ एवढेच गावात पसरते, आणि मुलाच्या कार्डाची चौकशी कोणी करत नाही. ७ कोटींचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत समुपदेशनाला किती मिनिटे मिळतात, हे अभियानाच्या आकड्यांत दिसत नाही. नवजात बाळांची तपासणी आणि त्यानंतरचे पेनिसिलिन किती जणांना पाच वर्षांपर्यंत मिळत राहिले, हा आकडा तर मला सर्वांत आधी पाहायला आवडेल.

सहरियांकडे परत येऊ. डिसेंबर २०१७ पासून मध्य प्रदेश शासन सहरिया, बैगा आणि भारिया कुटुंबांतील महिलांच्या खात्यात आहारासाठी दरमहा १,००० रुपये जमा करू लागले. ही योजना जनुकांच्या कोणत्याही अभ्यासावरून निघाली नव्हती. कुपोषित मुलांच्या बातम्या वारंवार येत होत्या, त्यांतून ती निघाली. श्योपूरमध्ये या पैशातून घरात किती डाळ आली आणि त्यानंतर क्षयाचे आकडे कुठे गेले, हे मोजण्याजोगे आहे. मोजणारी प्रयोगशाळा नागपूर रस्त्यावर आहे, आणि १,५१८ हा जुना आकडा तिच्याच दप्तरात आहे.